सुम्ने

बंगळुरात आल्यावर मी जो कन्नड शब्द सगळ्यांत आधी उचलला तो 'सुम्ने'. १९९१ साली लग्न होऊन मल्लेश्वरमला आले, तेव्हा शेजारच्या अज्जी दुपारच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. काही हवंय का, काही काम होतं का, असं मी खुणांनी विचारायची आणि त्या हसून म्हणायच्या, "सुम्ने बंदे." कारण काही नाही, अशीच आले. मराठीत याला 'सहज' म्हणता येईल, 'उगाच'ही म्हणता येईल. पण 'सहज' जरा नाजूक आहे आणि 'उगाच'मध्ये ठपका आहे. आमच्या मिरजेच्या घरात तर 'उगाच' कधी एकटा यायचाच नाही, 'कशाला'चं बोट धरूनच यायचा. उगाच कशाला खर्च, उगाच कशाला डॉक्टर. सुम्नेला असा कुणाचा धाक नाही.

आज मी हे लिहिते आहे, लिहिलेलं माझं मला दिसतं आहे, त्यात या शब्दाचा मोठा वाटा आहे. आणि तो शब्द माझ्या गळी उतरवणाऱ्या मेष्ट्रूंचा.

संपिगे रोडला लागून असलेल्या एका क्रॉसवर त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. तीन माणसं शेजारी उभी राहिली की चौथ्यानं रस्त्यावर थांबायचं, एवढं. पुढे काउंटर, मागे नंबर काढायची खुर्ची, भिंतीवर एक कन्नड अक्षरांचा तक्ता आणि एक इंग्रजी. संध्याकाळी सहानंतर त्याच खुर्चीभोवती चटईवर दहावीची चार-पाच मुलं गणितं सोडवत बसलेली असत. म्हणून ते मेष्ट्रू, म्हणजे मास्तर. त्यांचं खरं नाव मला कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं.

ते मराठी होते. भावसार, पिढीजात रंगारी आणि शिंपी. "आम्ही शहाजीराजांच्या पाठीमागून आलो," असं ते कुणालाही, न विचारता सांगत. शहाजीराजांना बंगळूर मिळालं ते १६३८ मध्ये, आणि आमच्या काडु मल्लेश्वराच्या देवळात एकोजीराजांचा १६६९चा शिलालेख आहे, तेव्हा कालगणनेत तरी अडचण नाही. बंगळुरातल्या निम्म्या जुन्या मराठी घरांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर आलेले असतात आणि उरलेल्यांचे एकोजीराजांबरोबर. फार तपासायला जाऊ नये. मेष्ट्रूंचं मराठी मात्र ऐकत राहावं असं होतं. आपण पुस्तकात ठेवून दिलेले शब्द ते रोजच्या भाजीबाजारात वापरत आणि मध्येच कन्नडवर उडी मारत. बोलायला मराठी, लिहायला कन्नड. देवनागरी त्यांना शाळेत शिकलेल्या हिंदीपुरती येई.

माझा उजवा डोळा उणे नऊ, डावा उणे साडेआठ. चौथीत फळा दिसेना म्हणून चष्मा लागला आणि दरवर्षी माझ्याबरोबर वाढत गेला. पोट भरायचं साधन मुद्रितशोधन. पुण्याहून प्रुफं कुरिअरनं यायची, मी वेलांट्या आणि अनुस्वार निवडत बसायची. तांदूळ निवडावेत तसं. २००४च्या जूनमध्ये चष्म्याची दांडी तुटली. हातात अडीचशे पानांचं पुस्तक आणि चार दिवसांची मुदत. धावत मेष्ट्रूंकडे गेले. त्यांनी नंबर काढला, बदल नव्हता. मग वही उघडून मला विचारलं, "बाई, थेंब घालून पडदा शेवटला कधी पाहिला?"

मला प्रश्नच कळला नाही. वय वर्षं एकेचाळीस, त्यातली बत्तीस चष्म्यात गेलेली, आणि दर दोन वर्षांनी डोळे तपासून घेणारी मी. पण तपासून म्हणजे नंबर काढून. बाहुली मोठी करून आत, डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत, कुणी डोकावलंच नव्हतं.

"मला काही त्रास नाही," मी म्हटलं.

"त्रास न्हाई म्हणूनच. त्रास झाल्यावर सगळेच जातात. तुम्ही सुम्ने जायचं."

आणि मग ते वाक्य, ज्यानं मला घरी जाईपर्यंत संताप येत राहिला: "चष्मा करून ठेवतो. पडद्याच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा, चष्मा घेऊन जा." गिऱ्हाइकाला माल न देणारा दुकानदार मी तोपर्यंत पाहिला नव्हता. तुटलेली दांडी त्यांनी तांब्याच्या बारीक तारेनं बांधून दिली आणि तिचे पैसे घेतले नाहीत. ती तार कानामागे टोचत होती. ते मुद्दामच केलं असणार, अशी मला शंका आहे.

चिडून गेले, पण गेले. थेंब घातले की आधी डोळे चुरचुरतात, मग दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा थेंब, मग बाकावर डोळे मिटून बसायचं. अर्ध्या-पाऊण तासानं हातातलं वर्तमानपत्र विरघळायला लागतं. अक्षरांवर जगणाऱ्या माणसाला ती घटका फार वाईट जाते. मग डॉक्टरांनी कपाळाला दिवा बांधला, हातात भिंग धरलं आणि मला आडवं करून आठ दिशांना बघायला लावलं. वर, उजवीकडे वर, उजवीकडे, खाली. पापणीवरून एका छोट्या धातूच्या कांडीनं दाबून ते पडद्याचा काठ पाहत होते. त्या प्रखर उजेडात मला एकदम एक झाड दिसलं. पान नसलेलं, फांद्याच फांद्या असलेलं. माझ्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची ती सावली होती, हे नंतर कळलं. शरीर न कापता आतल्या रक्तवाहिन्या उघड्या दिसाव्यात अशी ही एकच जागा. १८५१ साली हेल्महोल्ट्झनं डोळ्याच्या आत पाहायचं उपकरण काढलं. तोवर जिवंत माणसाची बाहुली म्हणजे डॉक्टरांना नुसतं काळं भोक होतं.

डॉक्टरांनी कागदावर वर्तुळ काढलं, घड्याळासारखे तास मांडले आणि उजव्या डोळ्याच्या अकराच्या ठोक्याशी लाल पेन्सिलीनं एक नाल काढली, तिला निळी कड दिली. घोड्याच्या नालेसारखी चीर. दुसरीकडे दोन बारीक भोकं. नवरा एचएमटीत, घड्याळांच्या कारखान्यात. तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "अकराला गाडी अडकली आहे तर." चेष्टा करायचा त्याचा बेत होता, पण आवाज साथ देईना.

त्याच दिवशी लेझर झालं. डोळा बधिर करून त्यावर भिंग टेकवलं, हनुवटी टेकवून बसायचं, आणि हिरव्या उजेडाचे चटके मोजायचे. काही ठिकाणी डोळ्याच्या पाठीमागे ठणकतं, बाकी नुसता उजेड. पंधरा मिनिटांत झालं. बाहेर आले तेव्हा मल्लेश्वरम जांभळं दिसत होतं.

चिठ्ठी घेऊन मेष्ट्रूंकडे गेले. त्यांनी ती वाचली, चष्मा काढून दिला, आणि जे डॉक्टरांनी शास्त्रानं सांगितलं होतं ते शिंप्याच्या भाषेत सांगितलं. मोठ्या उणे नंबरचा डोळा लांबट असतो. कापड तेवढंच आणि अंग मोठं, म्हणून ते काठाला विरतं. विरलेल्या जागी कुठेतरी भोक पडतं. भोकातून पाणी मागे शिरलं की पडदा भिंतीपासून सुटत जातो. "लेझर म्हणजे रफू न्हाई, बाई. भोक तिथंच राहतं. त्याच्या भवती टीप मारून घ्यायची, म्हणजे पुढं उसवत न्हाई." गेल्या शतकाच्या सुरुवातीला लोझानच्या ज्यूल गोनँ नावाच्या डॉक्टरांनी हेच तर पटवलं होतं. सुटलेल्या पडद्याचं मूळ त्या भोकात आहे, ते बंद करा. ते तापलेल्या सळईनं बंद करत. त्याच्या आधी पडदा सुटलेल्या माणसाला डोळे बांधून आठवडेच्या आठवडे निजवून ठेवत, आणि तरीही नजर बहुधा जाई. हे सगळं मी पुढे हौसेनं वाचलं. मेष्ट्रूंनी टीप आणि उसवणं या दोन शब्दांत ते आधीच संपवलं होतं.

पडद्याला दुखायची सोयच नाही. कन्नडमध्ये 'सुम्निरु' म्हणजे गप्प बस. आपला सुम्ने त्याच घरातला. पडदा असा सुम्निरु असतो. फाटला तरी ओरडत नाही. फार तर वीज चमकल्यासारखं होतं, डोळ्यापुढे माश्या आणि धागे तरंगतात, कडेनं सावली सरकत येते. आणि माझ्यासारखीला तर तेही झालं नव्हतं.

मेष्ट्रूंची वही म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याची लांब खतावणी. गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, येणं-देणं, आणि शेवटच्या रकान्यात फक्त एक कन्नड अक्षर आणि तारीख. थेंबाचा तो रकाना. शुगरवाला असेल त्याच्या नावाखाली लाल रेघ. चाळिशीपुढचा, घरात काचबिंदू असलेला, मोठ्या उणे नंबराचा, या सगळ्यांच्या खुणा वेगळ्या. वर्षातून एकदा, श्रावणाच्या आसपास धंदा थंड असताना, ते एकेकाला फोन लावत. कुणी पैशाची अडचण सांगितली की "मिंटोला जा" म्हणत. मिंटो हे आमच्याकडचं सरकारी डोळ्यांचं इस्पितळ, १८९६ पासूनचं, आजच्या दगडी इमारतीत १९१३ पासून. कुठल्या वारी लवकर जायचं, कुठल्या दारानं आत शिरायचं हेसुद्धा ते सांगत.

काउंटरच्या काचेखाली कात्रणं होती. एक राजकुमारांचं. २००६च्या एप्रिलमध्ये डॉ. राजकुमार गेले आणि त्यांचे डोळे दान झाले, तेव्हा अख्खं बंगळूर नेत्रदानाचे फॉर्म भरायला निघालं होतं. मेष्ट्रूंनी कितीतरी जणांचे फॉर्म भरून दिले. पण प्रत्येकाला तेवढ्यात ऐकवलं, की डोळ्यावरची काच दुसऱ्याची बसवता येते, पडदा बसवता येत नाही, म्हणून दान करायच्या आधी स्वतःचा दाखवून या. दुसरं कात्रण लहान बाळांचं. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या पडद्यावर रक्तवाहिन्या पुरत्या पसरलेल्या नसतात, पुढे त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढून काढतात. बाळ सांगणार कसं? बंगळूरच्या नारायण नेत्रालयातले डॉ. आनंद विणेकर यांनी २००८मध्ये किड्रॉप नावाचं काम सुरू केलं. तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतल्या नवजात कक्षांत जातात, पडद्याचे फोटो काढतात आणि डॉक्टर ते दूर बसून पाहतात. हे कात्रण आल्यापासून मेष्ट्रू आजी झालेल्या प्रत्येक बाईला पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारत: "किती आठवड्यांचं? वजन काय?" दोन किलोच्या आतलं किंवा चौतीस आठवड्यांच्या आतलं म्हटलं की बोट वर. तीस दिवसांच्या आत पडदा. आमच्या शेजारच्या अज्जींची पणती तिसाव्या आठवड्यात जन्मली होती. घरचे सगळे वजन वाढण्याची वाट बघत बसले होते. मेष्ट्रूंनी तिथेच उभं राहून फोन लावायला लावला. त्या मुलीला वेळेवर लेझर झालं. आता ती भरतनाट्यम शिकते आणि मला 'आंटी' म्हणते, एवढीच तिच्याबद्दल माझी तक्रार.

आता बाबांचं लिहायला हवं. ते टाळून इथवर आले.

बाबा मिरजेला रेल्वेत होते, मालधक्क्यावर. १९८९पासून मधुमेह. माझं लेझर झालं त्याच आठवड्यात मी त्यांना फोन केला, की तुम्हीही एकदा पडदा दाखवा. "मी पेपर वाचतो, उगाच कशाला?" ते म्हणाले. त्या वर्षी त्यांच्याकडे कुठलंसं शिबिर झालं होतं, तिथे त्यांनी तक्त्यावरची सगळ्यांत खालची ओळ वाचून दाखवली होती. शाबासकी मिळाली, फुकट चष्मा मिळाला. बाहुली मोठी करून पाहण्याचं तिथे कुणाच्या मनात आलं नाही, आणि खालची ओळ वाचता येण्याचा पडद्याच्या काठाशी काही संबंध नाही, हे बाबांना कुणी सांगितलं नाही. मी सांगितलं, पण एकदाच. मेष्ट्रूंजवळ अडवून ठेवायला चष्मा होता. माझ्याजवळ काय होतं? आता वाटतं, काहीतरी शोधायला हवं होतं. दिवाळीला येत नाही म्हणायचं होतं.

२००६च्या नवरात्रात त्यांच्या डोळ्यापुढे कोळ्याची जाळी उतरली. काळी, हलणारी. सण आहे, म्हणून ते नऊ दिवस गप्प राहिले. दसऱ्यानंतर मी त्यांना राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं घेऊन आले. रात्रभर ते खिडकीशी बसले होते. बाहेरचं काही दिसत नव्हतं, पण घटप्रभा, लोंढा, धारवाड, हुबळी सगळी स्टेशनं रुळांच्या आवाजावरून सांगत होते. एकही चुकलं नाही. अरसीकेरेला म्हणाले, "बघ, मला सगळं कळतंय." मी खिडकीकडे तोंड केलं.

डाव्या डोळ्यात रक्त उतरलेलं आणि पडदा ओढला गेलेला, तिथे फारसं हाती लागलं नाही. उजव्यात तीन-चार बैठकांत लेझर झालं, शेकडो ठिपके. मथळे दिसतील एवढी नजर राहिली. २०२३च्या आयसीएमआरच्या पाहणीनं देशात दहा कोटींवर मधुमेही मोजले. मधुमेह कळला त्याच वर्षी पडदा पाहायचा आणि मग दरसाल पाहत राहायचं, एवढा साधा नियम आहे. बाबांच्या सतरा वर्षांत तो एकदाही पाळला गेला नव्हता.

बाबा मग आमच्याकडेच राहिले. आणि एका गुरुवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, मेष्ट्रू घरी आले. मी धास्तावले. हे आता बाबांना काहीतरी ऐकवणार. त्यांनी ऐकवलं नाही. बसले, कॉफी घेतली, बाबांना 'अण्णा' म्हणाले आणि पिशवीतून आठवड्याचं शिळं मराठी वर्तमानपत्र काढलं. गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळातून मागून आणलेलं.

"वाचून दाखवता?" बाबांनी विचारलं.

"मला येत न्हाई नीट. तुम्ही शिकवा."

पुढची साडेचार वर्षं, बाबा जाईपर्यंत, दर गुरुवारी हा वर्ग चालला. ज्याला मराठी वाचता येई त्याला दिसत नव्हतं, ज्याला दिसत होतं त्याला वाचता येत नव्हतं. मेष्ट्रू शाळेतल्या हिंदीच्या बळावर एकेक अक्षर लावत. 'ळ'पाशी हमखास अडत. "अण्णा, पायात गाठ मारल्यासारखं अक्षर आहे." "ळ तो, मास्तर, ळ. मिरजेचा माणूस 'ळ' सोडत नाही." अर्ध्या ओळीवरून बाबा उरलेली ओळ स्वतःच म्हणून टाकत, आणि ती बहुतेक वेळा छापलेल्या ओळीपेक्षा बरी असे. मी आत प्रुफं तपासत हे ऐकायची. एका पानाला दीड तास लागे. निधनवार्ता ते कधी सोडत नसत. बाबांना त्यात ओळखीचं गाव लागायचं.

एकदा मी मेष्ट्रूंना जिन्यापाशी गाठलं आणि काहीबाही आभाराचं बोलायला लागले. त्यांनी हात वर केला. "सुम्ने येतो, बाई."

दुकान २०२०च्या टाळेबंदीत बंद झालं ते उघडलंच नाही. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी दर जूनमध्ये पडदा दाखवते. थेंब घालून बाकावर बसते, अक्षरं विरघळतात, आणि बाहेर पडताना काळा चष्मा लावूनही फुलवाल्यांच्या टोपल्या डोळ्यांत घुसतात. २०२२मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आत भिंग बसवलं, आणि पन्नास वर्षांचा उणे नऊ एका दुपारी गेला.

गेल्या पौषात मेष्ट्रूंना भेटायला गेले. यलहंकाला मुलाकडे असतात. ऐंशी झाले, विसरायला लागले आहेत. सूनबाईंनी माझं नाव मोठ्यानं सांगितलं, दोनदा. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मी पर्समधून जुन्या चष्म्याची डबी काढली. ती तारेची दांडी मी टाकलेली नाही. तो चष्मा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तार बोटानं चाचपली, मग काच उजेडात धरून डोळा बारीक केला.

"उजवा नऊ," ते म्हणाले. "डावा साडेआठ."

"आता नाही, मेष्ट्रू. मोतीबिंदू काढला. आता उणे एक."

ते जरा वेळ गप्प राहिले. काहीतरी जुळवत होते.

"नंबर गेला म्हणून डोळा आखूड होत न्हाई," म्हणाले. "पडदा?"

"पाहिला. जूनमध्ये."

"आयतु, झालं तर," म्हणाले, आणि चष्मा घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला.